मिठाच्या रेषा

1887 च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, त्यामागे याच संस्थेचं पाठबळ होतं. आपल्या वाङ्मय मंडळातल्या बहुतेकांना एवढं माहीत असतं, कारण रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक आपण आवडीने नाही तर परीक्षेसाठी तरी चाळलेलं असतं. मी ते वाचता वाचता त्या काळच्या बॉस्टनमध्ये आणखी कोणत्या बायका काय काय करत होत्या ते शोधायला लागले आणि तिथे मला एलेन स्वॅलो रिचर्ड्स भेटली. त्याच वर्षी, त्याच शहरात, जून महिन्यापासून ही चव्वेचाळीस वर्षांची बाई एका प्रयोगशाळेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ओढ्यांचं, नद्यांचं आणि तळ्यांचं पाणी बाटली-बाटलीने तपासत होती.

मी साहित्याची विद्यार्थिनी. बारावीनंतर रसायनशास्त्राच्या पुस्तकाला हात लावलेला नाही. तरीही एलेनवर लिहायला घेतलं, कारण पाण्याकडे बघायची तिची रीत मला एखाद्या चांगल्या वाचकाच्या वाचनासारखी वाटली. बाटलीतल्या पाण्यावरून ती त्या ओढ्याचा मागचा सगळा प्रवास ओळखायची. हे पाणी कुठल्या जमिनीवरून आलं, वाटेत दलदल लागली की वस्ती लागली, आणि वस्ती लागून किती काळ झाला, हे ती सांगू शकायची.

एलेनचा जन्म 3 डिसेंबर 1842 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या डन्स्टेबल या खेड्यातला. आईवडील दोघंही शिक्षक. एकुलती एक मुलगी. तब्येत नाजूक म्हणून सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं आणि शेतात, उन्हात वावरायची मोकळीक मिळाली. पुढे मुलीला नीट शाळा मिळावी म्हणून कुटुंब वेस्टफर्ड गावी राहायला आलं. तिथे वडिलांनी दुकान टाकलं. एलेन शाळा करून दुकानात बसायची, हिशेब ठेवायची, आईच्या आजारपणात घर सांभाळायची. वेस्टफर्डमधून स्टोनी ब्रुक नावाचा एक ओढा वाहतो आणि पुढे मेरिमॅक नदीला मिळतो. या ओढ्याचं नाव लक्षात ठेवा. तो या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

त्या काळी मुलींना पदवीपर्यंत शिकायला जागाच फार थोड्या होत्या. न्यूयॉर्क राज्यात व्हॅसर कॉलेज 1865 साली सुरू झालं, पण तिथे जायला पैसे लागणार होते. एलेनने शिकवण्या केल्या, आजाऱ्यांची सेवा केली, दुसऱ्यांच्या घरी साफसफाईची कामं केली आणि तीनेकशे डॉलर जमवले. मध्ये दोन वर्षं अशी गेली की पुढे काही होईल असं तिला वाटतच नव्हतं. मनाने ती पार खचली होती. शेवटी 1868 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ती व्हॅसरला दाखल झाली. तिथे खगोलशास्त्र शिकवायला मारिया मिचेल होत्या. दुर्बिणीतून धूमकेतू शोधून काढणारी ही त्या काळची नामवंत बाई. एलेनला आकाश आवडलं, पण तिने रसायनशास्त्र निवडलं. लोकांच्या रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल असं काहीतरी तिला हवं होतं.

1870 मध्ये ती पदवीधर झाली आणि नोकरीसाठी व्यावसायिक रसायनतज्ज्ञांकडे अर्ज करायला लागली. नकार आले. मग तिने बॉस्टनच्या नव्या तंत्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे आज सगळं जग जिला एमआयटी म्हणून ओळखतं तिच्याकडे, अर्ज केला. संस्थेत तोपर्यंत एकही मुलगी नव्हती. तिला प्रवेश मिळाला आणि फी माफ झाली. एलेनला वाटलं, आपली गरिबी बघून सवलत दिली असणार. खरं कारण तिला नंतर कळलं. कुणी तक्रार केलीच तर ही आमची विद्यार्थिनीच नाही असं म्हणता यावं, म्हणून अध्यक्षांनी तिचं नाव फी भरणाऱ्यांच्या यादीत येऊ दिलं नव्हतं.

हे वाचून मला राग आला. एलेनने मात्र त्या वेळी काय केलं बघा. प्रयोगशाळेत ती धूळ पुसायची, कुणाचं बोट कापलं तर पट्टी बांधायची, सुई-दोरा जवळ ठेवायची. आजच्या मैत्रिणींना हे पटणार नाही. मलाही पूर्ण पटत नाही. पण तिचा विचार सरळ होता. आपण इथे नकोशा वाटलो तर आपल्यामागून येणाऱ्या मुलींचं दार बंद होईल, म्हणून कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही. 1871 मध्ये तिचे वडील रेल्वेच्या अपघातात गेले. तरी शिक्षण तिने सोडलं नाही. 1873 मध्ये तिला एमआयटीची पदवी मिळाली. ती मिळवणारी ती पहिली स्त्री. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या ते 1886 साल, म्हणजे यानंतर तेरा वर्षांनी. एलेनला पुढे डॉक्टरेटही करायची होती. ती मात्र एमआयटीने तिला करू दिली नाही.

विद्यार्थिनी असतानाच पाण्याशी तिची गाठ पडली. प्राध्यापक विल्यम रिप्ली निकल्स राज्याच्या आरोग्य मंडळासाठी पाण्याची तपासणी करत होते आणि त्यांनी एलेनला मदतीला घेतलं. मुलींना शिकवायच्या कल्पनेला निकल्स फारसे अनुकूल नव्हते, पण तिचं काम इतकं काटेकोर होतं की त्यांना तिच्यावर विसंबावंच लागलं. 1875 मध्ये तिने खाणकामाचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी लग्न केलं. लग्नानंतरचा प्रवाससुद्धा नोव्हा स्कोशियातल्या खाणी बघायला, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन झाला. दुसऱ्या वर्षी बॉस्टनमधल्या बायकांनी वर्गणी काढून दिली आणि एमआयटीत स्त्रियांसाठी वेगळी प्रयोगशाळा सुरू झाली. एलेन तिथे सात वर्षं बिनपगारी शिकवत राहिली, उलट वर्षाला हजारेक डॉलर स्वतःचे घालत राहिली. 1883 मध्ये मुलींना मुलांबरोबरच सगळ्या वर्गांत घेतलं जाऊ लागलं आणि वेगळ्या प्रयोगशाळेची गरज संपली. म्हणजे जे व्हावं म्हणून ती झटली ते झालं, आणि त्यातून तिचंच काम गेलं. पुढच्या वर्षी संस्थेने आरोग्यविषयक रसायनशास्त्राची नवी प्रयोगशाळा काढली आणि तिला तिथे शिक्षक म्हणून नेमलं. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तिला एमआयटीत पहिल्यांदा खरीखुरी नेमणूक मिळाली.

आता थोडं त्या राज्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा कापडगिरण्यांची शहरं वाढत होती. मेरिमॅक नदी उत्तरेकडून न्यू हॅम्पशायरमधून येते, लोवेल शहरातून जाते, मग काही मैलांवर लॉरेन्स लागतं आणि शेवटी ती अटलांटिकला मिळते. लोवेल आपला मैला नदीत सोडायचं आणि लॉरेन्स तेच पाणी प्यायचं. लोवेल तरी कुठे स्वच्छ पाणी पीत होतं? त्याच्याही वर गावं होतीच. गिरण्यांत काम करणारे बरेचसे आयर्लंड आणि फ्रेंच कॅनडातून आलेले गरीब लोक होते, त्यातले बहुतेक कॅथलिक. मराठवाडा, कोकण किंवा आपल्या बेळगाव भागातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या लोकांच्या गोष्टी ज्यांनी घरी ऐकल्या आहेत, त्यांना या चाळी आणि हे नळ डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडणार नाहीत.

1886 मध्ये राज्याने कायदा केला आणि आतल्या भागातल्या सगळ्या पाण्याच्या शुद्धतेवर लक्ष ठेवायचं काम आरोग्य मंडळावर सोपवलं. पाणी कुठे बिघडलं आहे ते शोधायचं, तर आधी सगळ्या राज्याचं पाणी तपासायला हवं. रसायनाच्या बाजूची जबाबदारी एमआयटीचे प्राध्यापक थॉमस ड्राउन यांच्याकडे आली आणि प्रयोगशाळेचं रोजचं काम एलेनकडे. निकल्स त्याच वर्षी वारले होते. जून 1887 पासून राज्यभरातून महिन्या-महिन्याला बाटल्या यायला लागल्या. पाणी ठेवून दिलं की आतला अमोनिया बदलतो, म्हणून आलेली बाटली लगेच तपासायची. हे दोन वर्षं चाललं. हजारो बाटल्या तिच्या आणि तिच्या मदतनिसांच्या हाताखालून गेल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर एका सबंध राज्याच्या पाण्याची अशी तपासणी अमेरिकेत आधी झाली नव्हती.

ती नेमकं काय बघत होती? हे समजून घ्यायला मला आमच्या बी.एस्सी.च्या मैत्रिणीला दोन-तीनदा चहा पाजावा लागला. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

पावसाचं पाणी जवळजवळ कोरं असतं. ते डोंगरावर पडतं, पालापाचोळ्यातून झिरपतं, मातीतून आणि दगडांच्या फटींतून फिरून ओढ्यात येतं. वाटेत ते थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम, थोडी सिलिका बरोबर घेतं. दलदलीतून आलं तर कुजलेल्या पानांचा तपकिरी रंग घेऊन येतं. मॅसॅच्युसेट्समधले पुष्कळ ओढे चहाच्या पाण्यासारखे दिसतात ते यामुळे. मग शेतं लागतात, गोठे लागतात, घरं लागतात, शेवटी गिरणी लागते. प्रत्येक टप्प्यावर पाण्यात काही मिसळतं आणि काही गळून जातं. ज्या सगळ्या उतारांवरचं पाणी शेवटी एका ओढ्यात येतं त्याला आपण पाणलोट म्हणतो. ओढ्याच्या पाण्यात त्या सगळ्या पाणलोटाची नोंद असते. फक्त ती वाचता यायला हवी.

नोंद वाचायला एलेनकडे मुख्यतः दोन खुणा होत्या. पहिली नायट्रोजनची. माणसाचा किंवा जनावराचा मैला पाण्यात पडला की त्यातल्या सेंद्रिय पदार्थांचा आधी अमोनिया होतो. सूक्ष्म जीव त्याचं नायट्राइट करतात आणि नंतर नायट्रेट. म्हणजे पाण्यात अमोनिया जास्त असेल तर घाण ताजी, वर कुठेतरी जवळच पडलेली. अमोनिया कमी आणि नायट्रेट जास्त असेल तर घाण पडून बराच काळ गेला. नायट्रोजनवरून असं घाणीचं वय काढता येतं. पण नुसता नायट्रोजन फसवतो. दलदलीतल्या पाण्यात कुजलेल्या पानांमुळे सेंद्रिय नायट्रोजन भरपूर असतो आणि तिथे मैल भर अंतरात एकही घर नसतं. शिवाय झाडं आणि शेवाळ नायट्रेट खाऊन टाकतात, मग घाण पडली होती याचा पुरावाच उरत नाही.

दुसरी खूण क्लोरीनची. हा नळाच्या पाण्याला ज्याचा वास येतो तो क्लोरीन वायू नव्हे. हा मिठातला क्लोरीन, आज आपण ज्याला क्लोराइड म्हणतो तो. आपण जेवढं मीठ खातो तेवढं शरीरातून बाहेर पडतं आणि सांडपाण्यात जातं. गाळातून गेलं, मातीतून झिरपलं, दहा मैल वाहत गेलं तरी ते फारसं कमी होत नाही. झाडं ते खाऊन संपवत नाहीत, जंतू त्याचं दुसरं काही करत नाहीत. जास्तीचं पाणी येऊन मिसळलं तर ते विरळ होतं, एवढंच. त्यामुळे बाकीच्या खुणा पुसल्या गेल्या तरी वर कुठेतरी माणसं राहतात ही गोष्ट क्लोराइड सांगत राहतं. ते मोजणंही सोपं. पाण्यात थोडं पिवळं क्रोमेट घालायचं आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. क्लोराइड संपलं की पुढच्या थेंबाला पाणी लालसर होतं. किती थेंब लागले त्यावरून किती क्लोराइड ते कळतं.

इथे एक अडचण होती. मीठ फक्त माणसांकडून येत नाही, समुद्राकडूनही येतं. लाटांचे बारीक तुषार वारा उचलतो आणि ते मीठ पावसाबरोबर आत जमिनीवर पडतं. किनाऱ्याजवळ जास्त, आत जावं तसं कमी. मग एखाद्या ओढ्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅम क्लोराइड सापडलं तर त्याचा अर्थ काय लावायचा? किनाऱ्यालगत तो आकडा अगदी निर्मळ पाण्याचा असू शकतो. राज्याच्या पश्चिमेच्या डोंगरात तोच आकडा आला तर वर नक्की कुणाचा तरी मैला पडतो आहे. आकडा एकच, एका ठिकाणी तो निर्दोष आणि दुसऱ्या ठिकाणी दोषी.

माझ्या मते एलेनचं आणि तिच्या सहकाऱ्यांचं मोठेपण या ठिकाणी आहे. बिघडलेलं पाणी शोधायला निघालेल्या या लोकांनी आधी चांगलं पाणी शोधलं. ज्यांच्या पाणलोटात वस्ती नाही अशी तळी आणि ओढे राज्यभर निवडले, तिथलं क्लोराइड पुन्हा पुन्हा मोजलं आणि सारखे आकडे नकाशावर रेषांनी जोडले. त्या रेषा समुद्रकिनाऱ्याला जवळपास समांतर निघाल्या. केप कॉडच्या बाजूला आकडा मोठा आणि पश्चिमेच्या डोंगरांत लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम, म्हणजे दहापटीहून जास्त फरक. याला त्यांनी सामान्य क्लोरीनचा नकाशा म्हटलं. माणूस नसता तर या जागी पाणी कसं असतं, ते हा नकाशा सांगतो. त्यानंतर कुठल्याही ओढ्याचं पाणी आणा, आकडा काढा, त्या जागेच्या रेषेवरचा आकडा त्यातून वजा करा. जे उरलं ते माणसाचं.

आता पुन्हा दलदलीकडे या. तपकिरी पाणी आहे, नायट्रोजन भरपूर आहे, पण क्लोराइड रेषेइतकंच आहे. म्हणजे घाण नाही, पानं आहेत. उलट दुसऱ्या बाटलीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, अमोनिया नाही, पण नायट्रेट आहे आणि क्लोराइड रेषेच्या वर आहे. ते पाणी घाणीतूनच आलेलं आहे, फक्त वाटेत धुतलं गेलं आहे. डोळ्याला जे मळकट दिसतं ते निर्दोष असू शकतं आणि जे नितळ दिसतं त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. गावातल्या जाणत्या बायका विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन बघतात, वास घेतात, चव घेतात. एलेनने त्यांच्या हातात आणखी एक साधन दिलं.

हा नकाशा 1890 मध्ये आरोग्य मंडळाच्या विशेष अहवालात छापला गेला. त्याच हिवाळ्यात, म्हणजे 1890 ते 1891 मध्ये, लोवेलमध्ये टायफॉइडची साथ आली आणि पाठोपाठ खाली लॉरेन्समध्ये. एमआयटीचेच जीवशास्त्राचे प्राध्यापक विल्यम सेजविक यांनी घराघरात जाऊन त्या साथीचा माग काढला. माग नदीच्या वरच्या अंगाला, नॉर्थ चेम्सफर्डपर्यंत गेला. तिथे टायफॉइडचे रुग्ण होते आणि ओढ्यावरच बांधलेल्या संडासांतून त्यांचा मैला पाण्यात पडत होता. तो ओढा होता स्टोनी ब्रुक, एलेनच्या शाळेच्या गावातून वाहत येणारा. लोवेल आपलं पाणी नदीतून उचलायचं ती जागा तिथून फक्त थोडी खाली होती.

क्लोराइडचा नकाशा काही टायफॉइडचा जंतू दाखवत नाही. तो एवढंच सांगतो की या पाण्यात माणसांचं काही मिसळतं आहे. कोणाच्या आजाराने किती जण आजारी पडले ते शोधायला सेजविकची पायपीट लागली. पण ही दोन्ही कामं एकमेकांना धरून होती. 1893 मध्ये लॉरेन्सने नदीचं पाणी वाळूच्या मोठ्या थरातून गाळून द्यायला सुरुवात केली आणि टायफॉइडचे मृत्यू झपाट्याने उतरले. त्यानंतरही जे रुग्ण राहिले त्यांत गिरणीतल्या कामाच्या वेळी कालव्याचं न गाळलेलं पाणी पिणारे कामगार होते. शहराला शुद्ध पाणी मिळालं तरी ते सगळ्यांपर्यंत एकदम पोचत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

एलेनचं नाव या सगळ्यात कुठे आहे? अहवाल मंडळाच्या नावाने निघाला. प्रमुख ड्राउन होते, ते पुढे लिहाय विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. एलेन 1884 मध्ये ज्या पदावर लागली त्याच पदावर सत्तावीस वर्षं, मरेपर्यंत राहिली. प्राध्यापक तिला कधी केलं नाही. मात्र 1890 च्या सुमारास एमआयटीत आरोग्य अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा हवा, पाणी आणि सांडपाणी तपासायला तीच शिकवायची. तिच्या काळात तिथे शिकलेले अ‍ॅलन हेझन, जॉर्ज फुलर, जॉर्ज व्हिपल हे तरुण पुढे अमेरिकेतल्या शहरांचे पाणीपुरवठे उभारणारे मोठे अभियंते झाले.

तिची सगळीच कामं अशी यशस्वी झाली नाहीत. 1890 मध्ये तिने मेरी हिनमन एबल यांच्याबरोबर बॉस्टनमध्ये एक स्वयंपाकघर काढलं. गरिबांना स्वस्त, पौष्टिक, शास्त्रशुद्ध अन्न विकत द्यायचं ही कल्पना. पण वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांना ते बेचव जेवण रुचेना. त्यांना आपापल्या घरची चव हवी होती. पाण्याच्या बाबतीत प्रत्येक ठिकाणचं सामान्य वेगळं असतं हे ओळखणाऱ्या एलेनला जेवणाच्या बाबतीत ते तितकंसं लक्षात आलं नाही असं मला वाटतं. सगळ्यांसाठी एकच न्यू इंग्लंडचं ताट तिने योग्य धरलं. तिच्यावर लिहिताना हे गाळणं बरं नव्हे.

घर, अन्न, हवा, पाणी या सगळ्याचा एकत्र विचार करणारं एक शास्त्र असावं असं तिला वाटायचं. 1892 मध्ये तिने त्याला ईकॉलॉजी हे नाव सुचवलं होतं. तो शब्द जीवशास्त्राने आपल्याकडे ठेवला. मग 1899 पासून लेक प्लॅसिडला परिषदा भरल्या आणि त्यातून गृहअर्थशास्त्र ही शाखा उभी राहिली. तिच्या राष्ट्रीय संघटनेची पहिली अध्यक्ष एलेनच होती. आज आपल्याकडे होम सायन्स म्हणजे मुलींचा सोपा विषय असं समजतात. त्याची सुरुवात करणारी बाई खनिजं आणि पाणी तपासणारी रसायनतज्ज्ञ होती, हे किती जणांना माहीत आहे? 1910 मध्ये स्मिथ कॉलेजने तिला सन्मान्य डॉक्टरेट दिली. 30 मार्च 1911 रोजी, अडुसष्टाव्या वर्षी, ती बॉस्टनमध्ये गेली. शेवटपर्यंत काम चालू होतं.

त्या नकाशाचं पुढे काय झालं? शेजारच्या राज्यांनीही तसे नकाशे केले. नंतर जंतू थेट मोजायच्या पद्धती आल्या आणि सांडपाणी ओळखायला नुसत्या क्लोराइडवर विसंबायची गरज उरली नाही. पण जुनी नोंद वाया जात नाही. आज तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते वाहून ओढ्यांत जातं, त्यामुळे क्लोराइड खूप वाढलं आहे. किती वाढलं हे कळायला आधी किती होतं ते माहीत हवं. ते माहीत आहे, कारण सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी बसून चांगल्या पाण्याचे आकडे लिहून ठेवले.

हे सगळं वाचताना मला आपला खानापूर तालुका आठवत राहिला. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. दोन्ही नद्यांना पाऊस एकच, तोही अरबी समुद्रावरून आलेला, म्हणजे थोडं मीठ बरोबर घेऊनच. या पाण्यावरून आपल्याकडे किती वर्षं भांडण चाललंय ते सांगायला नको. 2018 मध्ये लवादाचा निकाल आला तरी टपरीवर विषय निघाला की आवाज चढतातच. पण आपण सगळे बोलतो ते पाणी किती टीएमसी आणि कुणाचं यावर. उगमापाशी त्या पाण्यात काय आहे आणि पहिलं गाव ओलांडल्यावर काय आहे, यावर मी तरी घरी किंवा कॉलेजात कुणाला हिरिरीने बोलताना ऐकलेलं नाही. माझ्या धर्मात पाण्याला मोठा मान आहे. बाप्तिस्म्याला आपण ते डोक्यावर घेतो. आपल्या हिंदू मैत्रिणी कलशात पूजतात. मान आहे तर चौकशीही हवी ना?

म्हणून मंडळाला एक सुचवते. सिल्व्हर नायट्रेटची ती परीक्षा आपल्या रसायन विभागातली मुलं प्रॅक्टिकलला करतातच. पावसाळ्यानंतर आपली सहल निघते तेव्हा या वर्षी कणकुंबीकडे जाऊ या, त्यांनाही बरोबर घेऊ या. वस्ती लागायच्या आधी एक बाटली भरायची, पहिल्या गावाखाली दुसरी, खानापूरच्या खाली तिसरी. तारीख, जागा आणि आकडा लिहून ठेवायचा आणि पुढच्या अंकात छापायचा. पुढल्या वर्षीच्या मुलांनी तेच करायचं. तीन बाटल्यांचा नकाशा होत नाही हे मलाही कळतं. पण पहिला आकडा वस्तीच्या वरच्या, चांगल्या पाण्याचा असू दे.